गोल्डनआय ००७: एकट्याने खेळताना नेम बरोबर, मित्र आले की बिघडतो

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते कळेल.

आठवडाभर रात्री जेवणं आटोपल्यावर तुम्ही एकटे गोल्डनआय, म्हणजे जेम्स बाँडचा गोळीबाराचा जुना व्हिडिओ गेम, खेळता. हात बसलेला असतो, नेम लागत असतो. शनिवारी मित्र येतात, चार कंट्रोलर जोडले जातात, पडद्याचे चार तुकडे होतात आणि पहिल्या मिनिटातच कुणीतरी ओरडतं, "अरे, माझा माणूस नुसता छताकडे बघतोय!" दुसरा भिंतीला नाक लावून उभा असतो. तिसऱ्याला गरगरायला लागतं. तुमचा स्वतःचा कंट्रोलरही कालच्यासारखा चालत नाही. अर्ध्या तासात सगळे कंटाळून फुटबॉलच्या गेमकडे वळतात. सोमवारी सेटिंग उघडून बघता, तर सगळं जागच्या जागी. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

लेस्टरला आमच्या घरी हे सलग पाच शनिवार झालं. सहाव्या आठवड्यात मी वही घेऊन बसलो आणि कुठली सेटिंग नेमकी कुठे साठते ते एक-एक करून तपासलं. खालचं सगळं त्या वहीतलं आहे. भर निन्टेन्डो स्विच या गेम मशीनवरच्या आवृत्तीवर आहे, कारण आम्ही तीच खेळतो. एका मित्राकडे मूळ एन६४, म्हणजे निन्टेन्डोचं जुनं मशीन, आहे, त्याचंही सांगतो.

कारण

या गेममध्ये तुमचा नेम एका जागी ठरत नाही, तीन जागी ठरतो. एक, स्विचच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जिथे कुठलं बटण कशाचं काम करेल ते ठरतं. दोन, गेममध्ये एकट्याच्या मिशनसाठी, बाँडच्या मनगटी घड्याळात. तीन, मल्टिप्लेअरच्या (अनेकांनी मिळून खेळायच्या) मेन्यूत, प्रत्येक खेळाडूसाठी वेगळं. यातलं एक दुरुस्त केलं की बाकीची दोन आपोआप दुरुस्त होत नाहीत. आपण सोमवारी बघतो ते घड्याळ, आणि शनिवारी बिघडलेला असतो तो मल्टिप्लेअरचा मेन्यू. माझे पाच शनिवार यातच गेले.

पण मुळात सेटिंग बदलावीच का लागते? गेम ऑगस्ट १९९७ मध्ये एन६४ साठी आला. रेअर या कंपनीने तो आमच्याच लेस्टरशायरमधल्या ट्वायक्रॉस गावी बनवला; दिग्दर्शन मार्टिन हॉलिस यांचं. एन६४ च्या कंट्रोलरला स्टिक (अंगठ्याने ढकलायची छोटी दांडी) एकच होती, आणि उजव्या अंगठ्याखाली चार पिवळी सी बटणं. त्यामुळे गेमच्या मूळ पद्धतीत, जिला तिथे १.१ हनी म्हणतात, स्टिकने पुढे-मागे चालायचं आणि वळायचं, आणि सी बटणांनी वर-खाली बघायचं आणि बाजूला सरकायचं. स्विचवर ही सी बटणं उजव्या स्टिकवर येतात. म्हणजे चालण्याचं अर्धं काम डाव्या अंगठ्याकडे आणि अर्धं उजव्याकडे, बघण्याचंही तसंच.

आजच्या गेमवर वाढलेला माणूस उजवी स्टिक उजवीकडे ढकलतो, त्याला वळायचं असतं. तो वळत नाही, खेकड्यासारखा बाजूला सरकतो. म्हणून तो आणखी जोर लावतो, अंगठा जरासा तिरका जातो आणि नजर छताला लागते. त्याच्या हातात काही दोष नाही आणि गेममध्येही नाही. एका स्टिकसाठी बांधलेलं घर दोन स्टिकच्या माणसाला राहायला दिलंय, एवढंच.

इथे एक गोष्ट मला मनापासून कौतुकाची वाटते. त्याच गेममध्ये १९९७ मध्येच २.१ पासून २.४ पर्यंत चार पद्धती दिल्या होत्या, ज्यात एका खेळाडूने दोन हातात दोन कंट्रोलर धरायचे आणि दोन स्टिकने खेळायचं. म्हणजे आज आपण जे गृहीत धरतो ते त्या लोकांना तेव्हाच सुचलेलं होतं, कंट्रोलर मागे होता.

उपाय, क्रमाने

आधी सगळे कंट्रोलर जोडून घ्या, खेळाडू १ ते ४ हा क्रम ठरवा, मगच गेम उघडा. मध्येच कंट्रोलर जोडला की क्रम हलतो आणि तुमची सेटिंग दुसऱ्याच्या हाती जाते. एकेकटा जॉय-कॉन (स्विचचा छोटा सुटा कंट्रोलर) आडवा धरून हे जमणार नाही, कारण आपल्याला दोन स्टिक लागणार आहेत. जॉय-कॉनची जोडी किंवा प्रो कंट्रोलर घ्या.

आता एकट्याचं मिशन सुरू करा आणि स्टार्ट दाबा. बाँड घड्याळ वर उचलतो. त्यात नियंत्रणाच्या पानावर १.२ सॉलिटेअर निवडा. या पद्धतीत एन६४ ची स्टिक फक्त बघण्या-वळण्यासाठी असते आणि सी बटणं फक्त चालण्या-सरकण्यासाठी. दोन कामं दोन अंगठ्यांत स्वच्छ वाटली गेली, पण उलट्या बाजूंना: डावी स्टिक बघते आणि उजवी चालवते.

ती अदलाबदल गेममध्ये होत नाही, स्विचच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये करता येते. कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, त्यात चेंज बटन मॅपिंग. तिथे डाव्या स्टिकला उजव्या स्टिकचं काम द्या आणि उजवीला डावीचं. मग झेडआर बटणाला झेडएलचं काम द्या, म्हणजे उजव्या बोटाने गोळी सुटेल. झेडएलला आर बटणाचं काम द्या, म्हणजे डाव्या बोटाने नेम धरता येईल. एवढं झालं की गेम आजच्या कुठल्याही शूटरसारखा हातात येतो. एक फरक राहतो. चालणं आता सी बटणांवर आहे आणि बटण एक तर दाबलेलं असतं नाही तर सुटलेलं, त्यामुळे स्टिक हळू ढकलून हळू चालता येत नाही. पहारेकऱ्याच्या मागून जाताना हे लक्षात ठेवा.

ही अदलाबदल त्या कंट्रोलरवर सगळ्याच गेमना लागू होते, फक्त या गेमला नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी तिचा गेम उघडते आणि तिची गाडी चालेनाशी होते. आमच्याकडे हेही झालं. म्हणून ही मांडणी प्रीसेट म्हणून साठवून ठेवा आणि खेळ संपला की मूळ मांडणी परत आणा. मित्राने स्वतःचा कंट्रोलर आणला असेल, तर त्यावर तुमची मांडणी नसतेच. तो जोडल्यावर साठवलेली मांडणी त्यावरही लावा. आमच्या "दुसऱ्या" खेळाडूचा त्रास दर वेळी का उभा राहायचा, त्याचं उत्तर हे होतं. तो कंट्रोलर बरोबर घेऊन यायचा.

आता मल्टिप्लेअर. हा भाग गेममध्ये अगदी शेवटच्या काही महिन्यांत आला, स्टीव्ह एलिस यांनी तो उभा केला, आणि त्याचा मेन्यू वेगळा आहे. घड्याळात केलेली निवड तिथे चालत नाही. खेळाडू, ठिकाण, शस्त्रं निवडतो त्याच पडद्यावर नियंत्रणाची पद्धतही आहे. तिथे चारही जणांसाठी एकेक करून १.२ सॉलिटेअर निवडा. एकाचं राहिलं तर तोच माणूस छताकडे बघणार.

दर शनिवारी चौघांकडून हे करून घेणं कंटाळवाणं होतं, लोक मेन्यूत अडकतात आणि उत्साह जातो. त्यावर मला सापडलेला सगळ्यात उपयोगी उपाय सस्पेंड पॉइंटचा. चौघांची पद्धत निवडून झाली, ठिकाण आणि शस्त्रं ठरली, की खेळ सुरू करण्याआधी त्याच मेन्यूवर थांबा आणि सस्पेंड पॉइंट करून ठेवा. पुढच्या वेळी कंट्रोलर जोडा, प्रीसेट लावा, तो पॉइंट उघडा, सगळं जसंच्या तसं समोर येतं. फक्त एक खबरदारी घ्या. सस्पेंड पॉइंट म्हणजे त्या क्षणाचा फोटो असतो, त्यामुळे तो उघडण्याआधी तुमच्या एकट्याच्या प्रगतीचा वेगळा पॉइंट करून ठेवा. पुन्हा एकटे खेळायला बसाल तेव्हा त्यावरून सुरू करा.

एक्सबॉक्सवर जी आवृत्ती २७ जानेवारी २०२३ ला, स्विचच्याच दिवशी आली, तिच्यात दोन स्टिकची पद्धत मुळातच दिलेली आहे. ज्यांच्याकडे ती आहे त्यांना वरची खटपट लागू नये.

तरीही नजर हलत असेल तर

इथे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक ते एकच समजतात.

चालायला लागलं की नजर आपोआप सरळ होते किंवा खाली-वर होते, थांबलं की नाही, असं असेल तर ते घड्याळातलं लुक अहेड आहे. ते बंद करा. वर ढकललं की खाली बघतो, असं असेल तर तिथेच लुक अप-डाउनचं रिव्हर्स बदलून अपराइट करा.

हात लावला नाही तरी नजर एका बाजूला फिरत राहते, किंवा माणूस आपोआप चालतो, असं असेल तर स्टिकचा मध्य चुकलाय. स्विचवर कंट्रोलर्स अँड सेन्सर्समध्येच स्टिक कॅलिब्रेट करायची सोय आहे. मूळ एन६४ वर ही गंमत वेगळी आहे आणि बऱ्याच जणांना ती माहीत नसते. तो कंट्रोलर मशीन चालू होताना स्टिक जिथे असेल तोच मध्य मानतो. अंगठा स्टिकवर ठेवूनच कुणी मशीन चालू केलं, की पूर्ण डाव त्याचा माणूस गोल फिरत राहतो. स्टिक मोकळी सोडा, एल, आर आणि स्टार्ट एकदम दाबा, मध्य पुन्हा बसतो. मित्राने त्याचा एक कंट्रोलर खराब समजून माळ्यावर टाकला होता. आम्ही खाली काढला, धूळ पुसली, तीन बटणं दाबली, आणि तो आजही चालतोय.

बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटते असं वाटत असेल तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. आजचे टीव्ही चित्र सजवायला वेळ घेतात, आणि जुनं एन६४ जोडलं की तो उशीर जास्तच जाणवतो. चौघं खेळताना स्फोट झाले की चित्र अडखळतं ते मात्र मूळ मशीनचं बळ कमी पडल्यामुळे. रॉकेट आणि ग्रेनेड लाँचर बाजूला ठेवून पिस्तुलं घ्या, लगेच फरक दिसेल. गरगरणाऱ्या मित्रासाठी खोलीतला दिवा चालू ठेवा आणि त्याला टीव्हीपासून जरा लांब बसवा.

नव्या माणसाला काय सांगायचं

सेटिंग नीट झाल्यावरही नवा माणूस पहिल्या डावात हरतो, कारण तो नेमाचं बटण सतत दाबून धरतो. आजच्या गेममध्ये तशी सवय असते. इथे ते बटण धरलं की पावलं थांबतात, नेमाची खूण पडद्यावर मोकळी फिरते, आणि चालायची स्टिक तेवढ्यापुरती वाकायला आणि खाली बसायला लागते. म्हणून त्याला सांगा: पळताना नेमाचं बटण सोड, समोर शत्रू ठेव, ऑटो-एम, म्हणजे गेमचा आपोआप नेम, गोळी बरोबर नेतो. लांबच्या माणसासाठीच थांब आणि बटण धर.

मागच्या दिवाळीत मित्राचे वडील साताऱ्याहून आले होते. आम्ही खेळत होतो तर तेही येऊन बसले, म्हणून त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. मी म्हटलं, "काका, डावा अंगठा चालायला, उजवा बघायला. दोघांचं काम वेगळं ठेवा." त्यांनी दोन्ही अंगठे बघितले, एकदा इकडे एकदा तिकडे हलवून पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे एका हाताने बैल हाकायचा आणि दुसऱ्याने नांगर दाबून धरायचा. मग येतंय की!" आणि खरंच आलं. तिसऱ्या डावापर्यंत ते फॅसिलिटी या गेममधल्या ठिकाणाच्या बोळांतून आमच्या पाठीमागे लागले होते. तेव्हापासून मी कुणाही नवख्याला हेच वाक्य सांगतो आणि ते कुठल्याही तांत्रिक वर्णनापेक्षा लवकर समजतं.

काकांसाठी आम्ही मल्टिप्लेअरच्या मेन्यूतला हँडिकॅप वापरला. प्रत्येकाची ताकद वेगळी वाढवता-घटवता येते. जो रोज खेळतो त्याने ती स्वतःहून कमी करावी. ऑडजॉब हे पात्र आमच्याकडे बंद आहे. तो इतका बुटका आहे की सरळ धरलेला नेम त्याच्या डोक्यावरून जातो, आणि गेम बनवणाऱ्यांपैकी काहींनीच पुढे सांगितलं की त्याला घेणं म्हणजे फसवणूक. दुसऱ्याच्या चौकोनात डोकावून बघण्यावर मात्र बंदी घालू नका, ते थांबत नाही आणि भांडणं होतात. सगळेच बघतात हे धरून खेळा आणि ओळखू येणारे कोपरे टाळा.

एकट्याच्या मिशनमधला हाच त्रास

"शेवटपर्यंत पोचलो तरी मिशन फेल्ड येतं" ही तक्रारही दर काही दिवसांनी येते, आणि तिचंही कारण एका जागचं दुसऱ्या जागी न चालण्यातच आहे. एजंट, सीक्रेट एजंट आणि ००-एजंट या पातळ्यांवर मिशनची कामंच बदलतात. पहिल्या मिशनमध्ये, धरणावर, एजंट पातळीला फक्त खाली उडी मारायची असते. सीक्रेट एजंटला त्याआधी सगळे अलार्म फोडायचे. ००-एजंटला त्याशिवाय मोडेम बसवायचा आणि डेटाचा बॅकअप मिळवायचा. जुन्या सवयीने थेट उडी मारली की फेल्ड. मिशन सुरू होताच घड्याळातलं कामांचं पान वाचा, आणि शेवटच्या दारापाशी पुन्हा एकदा.

फॅसिलिटीत ००-एजंटला डॉ. डोक हा शास्त्रज्ञ शोधून त्याच्याकडून दाराचा डिकोडर घ्यायचा असतो. त्याचं नाव रेअरमधल्या डेव्हिड डोक यांच्यावरून आलं. तो दर वेळी वेगळ्या जागी उभा असतो. काल इथे होता, आज नाही, म्हणजे गेम बिघडला असं समजू नका. अजिंक्य होण्याची चीट मिळवायला हे मिशन ००-एजंटला २ मिनिटं ५ सेकंदांच्या आत संपवावं लागतं. तो जवळ सापडला नाही तर तो डाव सोडा आणि पुन्हा सुरू करा, धावाधाव करून वेळ भरून निघत नाही. आणि शास्त्रज्ञांच्या खोलीत गोळ्या झाडत शिरू नका, त्यात तोच गेला तर काम गेलं.

पहारेकरी संपतच नाहीत अशी तक्रार असेल तर तुमच्या बंदुकीचा आवाज बघा. सायलेन्सरचं पीपी७ पिस्तूल असताना लोक केएफ७ बंदूक हातात घेतात, आणि तिचा आवाज शेजारच्या खोल्या रिकाम्या करून तुमच्याकडे आणतो. अलार्म दिसला की आधी तो फोडा. थांबून राहिलं की जीव भरून येईल, ही आशाही इथे ठेवू नका. मिशनमध्ये गेलेला जीव परत येत नाही, फक्त चिलखत मिळतं. म्हणून दिसलं की लगेच घालू नका, आधीचं संपत आलं की मग परत येऊन घ्या.

कंट्रोल या मिशनमध्ये बाँडची साथीदार नताल्या संगणकावर काम करत असताना तिला वाचवायचं असतं, आणि इथे माझे सगळ्यात जास्त डाव गेले. मी शत्रूंच्या मागे धावायचो आणि ती मागे मरायची. तिच्यापासून लांब जाऊ नका. शत्रू येऊ द्या. आणि तिच्या आसपासची यंत्रं फुटणार नाहीत असा कोन धरा, कारण त्या स्फोटात ती जाते. माझ्या शेवटच्या दोन अपयशांत गोळी माझीच होती.

लांबच्या मित्रांबरोबर

स्विचवर ऑनलाइन खेळता येतं, एक्सबॉक्सवरच्या आवृत्तीत ऑनलाइन नाही, तिथे एका खोलीतच बसावं लागतं. स्विचवरही प्रत्येकाला पडदा चार भागांतलाच दिसतो, त्यामुळे "मला पूर्ण स्क्रीन का येत नाही" याचा शोध घेऊ नका. न्यूजर्सीतला आमचा मित्र खेळात आला की सगळ्यांचंच अडखळतं, फक्त त्याचं नाही. अटलांटिकचं अंतर आपण कमी करू शकत नाही. पण दोन्ही बाजूंनी वायफाय सोडून केबल लावली तेव्हा अडखळणं बरंच कमी झालं. स्विचच्या ओलेड मॉडेलच्या डॉकला केबलची जागा आहे, पहिल्या मॉडेलला वेगळा अडॅप्टर लागतो. न्यूजर्सीचा मित्रही स्टिकची अदलाबदल त्याच्या मशीनवर स्वतः करतो; आपली मांडणी त्याच्यापर्यंत जात नाही. पहिल्यांदा मी हे विसरलो होतो, आणि पलीकडून आवाज आला, "अरे दादा, मी छताकडे बघतोय."